आता ह्या वयात व्हायोलिन? उशिरा शिकणाऱ्यांची जुनी गोष्ट

मी बोलतेय मालवणहून. ऐकताना मागे समुद्राचा आवाज आला तर एडिटिंग राहिलंय असं समजू नका, तो इथं कायमच असतो. आणि जे वाचतायत त्यांच्यासाठी: हा त्याच भागाचा लिखित मजकूर आहे, थोडा साफसूफ केलेला.

आजचा प्रश्न सरळ आहे. तिशी उलटल्यावर व्हायोलिन शिकता येतं का? मी स्वतः चौतिसाव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं. तेव्हा शेजारच्या काकींनी विचारलं, "आता ह्या वयात काय शिकतलंस गो?" प्रश्न प्रेमाचाच होता, पण त्यामागे एक समजूत होती. व्हायोलिन पाचव्या-सहाव्या वर्षी धरावं लागतं, नाहीतर गाडी सुटली. ही समजूत आली कुठून? आपल्याकडे हे वाद्य आलं कसं, रुजवलं कुणी, आणि त्या लोकांनी ते कोणत्या वयात उचललं? आज हेच बघूया.

खाडीच्या दोन बाजू

मालवणहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की वेंगुर्ला लागतं, मग शिरोडा, रेडी, आणि पुढे तेरेखोलची खाडी. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. माड तेच, मासे तेच, भाषाही बरीचशी ओळखीची. पण वाद्यांचा इतिहास मात्र वेगळा.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० मध्ये आली आणि साधारण १५४५ पासून चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा सुरू झाल्या. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे गोव्याचे जुने पोर्तुगीज तालुके. तिथल्या मुलांना या शाळांत अक्षरओळखीसोबत स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि पुढे व्हायोलिनही. कोकणीत व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. पिढ्यान् पिढ्या कॅथलिक घरांतली पोरं पाढे म्हणावेत तसे कागदावरचे स्वर वाचत मोठी झाली.

आपल्या बाजूला काय होतं? दशावतारात पायपेटी, मृदंग आणि झांज. भजनात हार्मोनियम, पखवाज, टाळ. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी भागात ख्रिस्ती वस्ती आहे, चर्चही आहेत. पण गोव्यासारखं, राज्यसत्तेच्या पाठबळावर गावोगाव पसरलेलं पॅरिश शाळांचं जाळं इकडे नव्हतं. म्हणजे लहानपणी व्हायोलिन मिळणं हे बोटांच्या दैवी देणगीपेक्षा शाळा कुठे होती, यावर जास्त अवलंबून होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या शाळांचं फळ मुंबईला मिळालं. १९३१ मध्ये बोलपट आले आणि स्टुडिओंना स्वरलिपी वाचून पटकन वाजवणारे वादक हवे होते. ते गोव्यातून आले. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. जन्म १९२७ चा, वडील चर्चमध्ये संगीत शिकवणारे. 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल'मधल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं अमिताभचं ते गाजलेलं नाव याच गुरूंना केलेला सलाम होता.

आणि त्याच मुंबईत आपल्या बाजूचा माणूसही होता. संगीतकार वसंत देसाई, कुडाळजवळच्या सोनवड्याचे. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'दो आंखें बारह हाथ'चं संगीत त्यांचं. त्या काळच्या स्टुडिओत साधारण रीत अशी होती की संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर ती कागदावर उतरवायचा आणि व्हायोलिनची रांग ती वाचून वाजवायची. चाल एका प्रकारच्या शिक्षणातून यायची आणि ती वाजवणारे हात दुसऱ्या. गाण्याला दोन्ही लागायचं.

वाद्यच मुळी उशिरा आलं

आता जरा लांब जाऊया, तंजावरला. दूर वाटलं तरी तिथं मराठी राजाच बसलाय.

व्हायोलिन भारतीय रागसंगीतात पहिल्यांदा रुजलं ते दक्षिणेत, अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला. मुत्तुस्वामी दीक्षितर हे कर्नाटक संगीतातले फार मोठे रचनाकार. त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासला इंग्रजांच्या बँडचं संगीत ऐकून व्हायोलिनकडे वळले आणि एका युरोपीय वादकाकडे शिकले. पण शिकून त्यांनी केलं काय? युरोपीय धून वाजवत बसण्याऐवजी ते वाद्य स्वतःच्या संगीतात आणलं.

त्याच सुमारास तंजावरच्या गादीवर सरफोजी राजे भोसले (दुसरे) होते, १७९८ ते १८३२. पुस्तकं, वैद्यक, छपाई, सगळ्यात रस. त्यांच्या दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड होता. याच दरबाराशी जोडलेल्या चार भावांपैकी वडिवेलु पुढे त्रावणकोरला गेले. तिथले राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं.

बघा, हे लोक पाळण्यातून व्हायोलिन घेऊन आलेले नव्हते. आधी कान तयार झाला, गळा तयार झाला, शेकडो रचना डोक्यात बसल्या, आणि मग एक परकं वाद्य हातात आलं. ते कसं धरायचं हेही त्यांच्या परंपरेनं स्वतःच ठरवलं. खाली मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं एक टोक छातीला किंवा खांद्याला टेकवायचं आणि दुसरं उजव्या पायाच्या घोट्यापाशी. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड घेताना तारेवरून सरकतो. युरोपात हनुवटीनं पकडतात. आपल्याकडे पाय मदतीला आला.

वझरे गावातून निघालेला सूर

आता परत सिंधुदुर्गात येऊ. हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे.

सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावात रामकृष्णबुवा वझे जन्मले. लहानपणीच गाव सुटलं. गाणं शिकायच्या ध्यासानं भटकत, हाल सोसत ते ग्वाल्हेरला पोचले, निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या गवयांत त्यांचं नाव झालं. वझेबुवा व्हायोलिनवादक नव्हते, गवई होते. मग ते या गोष्टीत कशाला?

तर त्यांच्याकडे शिकलेल्यांत एक होते गजाननराव जोशी. जन्म १९११, वडील अनंत मनोहर जोशी हे स्वतः ग्वाल्हेर घराण्याचे गवई. गजाननरावांनी वडिलांकडे, वझेबुवांकडे, पुढे आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भुर्जी खाँ यांच्याकडे गायन घेतलं. आणि व्हायोलिन? ते त्यांचं त्यांनीच शिकलं. त्या वाद्याचा गुरू नाही. गायनातून जे कानात बसलं होतं ते चार तारांवर शोधत गेले, आणि हिंदुस्थानी संगीतातले पहिल्या फळीचे व्हायोलिनवादक झाले. गवई म्हणूनही तितकेच मोठे. उल्हास कशाळकरांसारखे गायक त्यांच्याकडे तयार झाले.

म्हणजे वझऱ्याहून निघालेला सूर गळ्यातून गळ्यात गेला आणि तिथून व्हायोलिनवर उतरला. खाडीपलीकडे व्हायोलिन शाळेतून आलं, कागदावरून आलं. रागसंगीतात ते गळ्यातून आलं. पेडण्यातल्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर, वाईचे व्ही. जी. जोग, कोल्हापूरचे डी. के. दातार, ही सगळी मोठी नावं गायकीशी नातं ठेवूनच वाजवणारी. आणि प्रभाकर जोगांनी तर कार्यक्रमाचं नावच 'गाणारं व्हायोलिन' ठेवलं होतं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घराघरांत पोचलं, तेव्हा सुधीर फडक्यांच्या साथीला याच जोगांचं व्हायोलिन होतं.

एक गंमत सांगते. आपली लाडकी हार्मोनियम ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये बंद केली होती. कारण काय, तर तिच्यावर स्वर ठरलेल्या जागी, मींड घेता येत नाही. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. व्हायोलिनला तर पडदेच नाहीत, त्यामुळे कुठलाही स्वर, दोन स्वरांमधली कुठलीही जागा घेता येते. शिकणाऱ्याची पहिली अडचण पण हीच. पेटीची पट्टी दाबली की स्वर लागतो. इथे बोट केसभर सरकलं की बेसूर.

तीन वर्षांची मुलं आणि सतरा वर्षांचा गुरू

मग लहानपणीच सुरुवात करावी हे खोटं का? नाही हो, त्यात तथ्य आहे. ज्यांना सोलो वादक म्हणून जगाच्या मंचावर जायचंय ते बहुतेक लहानपणीच सुरू करतात. प्यारेलालही आठ वर्षांचे असताना शिकायला लागले. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत जगभर चालते, ती ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या जपानच्या शिनिची सुझुकींनी स्वतः कधी सुरुवात केली? सतराव्या वर्षी. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता, घरात वाद्यांची कमी नव्हती. पण एका रेकॉर्डवर मिशा एल्मनचं वादन ऐकलं आणि मग हातात घेतलं.

दुसरे आपल्या मुंबईचे, मेहली मेहता. जन्म १९०८. बरंचसं स्वतःचं स्वतः शिकले, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि इतकं झाल्यावर, १९४५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, इव्हान गॅलेमियनकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. घरी नऊ वर्षांचा मुलगा होता, झुबिन. हो, तेच झुबिन मेहता. शहरात नाव झालेलं असताना पुन्हा विद्यार्थी होऊन बसायचं, याला वेगळंच धैर्य लागतं.

मग आपण काय करायचं?

माझं कारण अगदी घरगुती आहे. आमचे आजोबा भजनातले बुवा. त्यांच्या काही चाली कुठंही लिहिलेल्या नाहीत, कुठल्या ॲपवर नाहीत. आता त्यांचा आवाज लागत नाही आणि मला गाता गळा नाही. ते गुणगुणतात, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते, मग व्हायोलिनवर शोधते. एक ओळ बसायला कधी आठवडा लागतो. ते ऐकतात आणि हातानंच "वर, आणखी वर" अशी खूण करतात. मला मैफल करायची नाहीय. त्यांच्या डोळ्यांदेखत चार चाली नीट बसवायच्यात, बस्स. आणि इथं वेळ माझ्या वयाचा कमी नाही, त्यांच्या वयाचा कमी आहे.

इतिहास वाचताना म्हणून मला बरं वाटलं. मोठेपणी येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. तुमच्या कानात तीस वर्षांच्या आरत्या असतात, दशावताराची रात्र असते, आईची ओवी असते. कोकणातल्या माणसाकडे ही शिदोरी भरपूर आहे. बोटं हळू चालतील, पण स्वर चुकला हे तुमच्या कानाला लगेच कळेल. म्हणून आधी गा, मग वाजवा. गळा कसाही असो, ओळ तोंडानं म्हटली की बोटाला जागा सापडते.

किनाऱ्यावरच्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. मोठ्या माणसाला फुल साइज व्हायोलिन लागतं, स्वस्त मिळतंय म्हणून मुलांचं घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं, पावसाळ्यात खुंट्या अडकतात, जोर लावून पिळू नका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसा, खाऱ्या हवेत त्या गंजतात. बो ठेवताना सैल करा. राळ थोडीच लावा. आणि पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल येते.

सुरुवातीचे काही महिने आवाज करवतीसारखा येणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्या काकी आता विचारत नाहीत. परवा संध्याकाळी मात्र कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ता कालचा परत वाजव."

तर मंडळी, या भागात एवढंच. आज झोपायच्या आधी हेडफोन लावून गजाननराव जोशींचं गायन ऐका आणि लगेच त्यांचंच व्हायोलिन. दोन्हीत एकच माणूस ऐकू येतो का, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.