पाळीतलं दुखणं: दुर्बिणीपासून मोबाईलपर्यंत

"डॉक्टर, मोबाईलवर प्रश्नांची उत्तरं दिली, त्यात एंडोमेट्रिओसिस आलंय. खरं असेल का?" नाशिकमधल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न आता अधूनमधून येतो. विचारणारी बहुधा पंचविशीची असते आणि दुखणं दहावीपासूनचं. मधल्या काळात "लग्न झालं की थांबेल" असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही सांगितलं आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटात, आतड्यालगत वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी त्याचं वर्णन केलं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी त्याला आजचं नाव दिलं. पण खात्री करायची तर पोट उघडावं लागे. पुढे दुर्बीण आली, १९७० नंतर ती रुळली, आणि दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्कं नाही हा दंडकच झाला. आता अठरा वर्षांच्या मुलीला निव्वळ खात्रीसाठी भूल देऊन शस्त्रक्रिया करायला कोणते आईवडील तयार होतील? खर्च वेगळाच. म्हणून गोष्ट पुढे ढकलली जायची. निदानाला सात-आठ वर्षं लागल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसतं.

उशिराचं दुसरं कारण आपल्याच राज्यात स्पष्ट दिसलं होतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास एंडोमेट्रिओसिसचा नव्हता. पण कुणी विचारलंच नाही तर बाई सांगत नाही, हे त्यातून कळलं.

विचारण्याचं काम यंत्राने करावं ही कल्पनाही जुनी आहे. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे डी डोम्बाल यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांची लक्षणं संगणकाला दिली. त्याचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं, सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. पुढे असंही दिसलं, की ठरावीक प्रश्नांचा छापील कागद भरायची शिस्त लागली की संगणकाशिवायही डॉक्टरांचं निदान सुधारतं! आजच्या ॲप्सना ते यश सहज मिळालेलं नाही. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी २३ लक्षण-तपासणी साधनं पारखली, तेव्हा बरोबर आजार पहिल्या क्रमांकावर आला तो फक्त ३४ टक्के वेळा.

मग हे परवडतं का? समजा, पाळीत खूप दुखणाऱ्या १०० मुलींनी ॲप वापरलं आणि त्यांतल्या १० जणींना खरोखर आजार आहे. ॲपने ८ जणी पकडल्या, आणि आजार नसलेल्या २७ जणींनाही शंका दाखवली. (आकडे हिशेबापुरते धरलेत.) आता या ३५ जणींची दुर्बिणीची तपासणी करायची ठरवली, तर फुकटचं ॲप फार महागात पडेल. पण त्यांना नीट तपासलं, सोनोग्राफी केली आणि काही महिने गोळ्या दिल्या, तर खर्च आवाक्यात राहतो आणि त्या ८ जणींची कितीतरी वर्षं वाचतात. २०२२ मध्ये युरोपातल्या एश्रे या तज्ज्ञ संघटनेने हाच रस्ता मोकळा केला: निदानासाठी दुर्बीण आता अनिवार्य नाही, लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात. माझ्या मते ॲपच्या हुशारीपेक्षा या बदलाने हिशेब जास्त बदलला.

तेव्हा मोबाईलचं उत्तर घेऊन जरूर या. सोबत तीन पाळ्यांच्या तारखा, कोणत्या दिवशी किती दुखलं, शाळा-कॉलेज किंवा काम किती बुडालं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का, हेही लिहून आणा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच, असं समजू नका. गोळ्यांनी आराम पडला नाही, अंडाशयात मोठी गाठ दिसली किंवा मूल राहत नसेल, तर दुर्बिणीबद्दल तेव्हा बोलू.