प्रश्न गाळलेली मुलाखत

मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचमध्ये मी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचून संपवलं. १९७० साली पुस्तकरूपात आलेलं हे आत्मकथन बाईंनी स्वतः लिहिलेलं नाही. त्या बोलल्या, शब्दांकन अरुण साधूंनी केलं. पुढे ‘सिंहासन’ लिहिणारे तेच साधू. नाव मात्र अनंत मान्यांच्या १९५९च्या तमाशापटाचं. त्यात बाई होत्या आणि पुण्यात तो १३१ आठवडे चालला.

पडद्यावर त्यांनी ‘संत सखू’ केली. पुस्तकात संतपण शोधू नका. दारू आहे, मोडत गेलेला संसार आहे, स्वतः कमावूनही हाती न आलेलं स्वातंत्र्य आहे.

आज सेलिब्रिटीच्या मुलाखतीत विचारणाराच जास्त दिसतो. साधूंनी स्वतःचे प्रश्न गाळले, म्हणून बाईंचा आवाज थेट कानावर येतो. पण त्यामुळेच कुठलं वाक्य बाईंचं आणि कुठलं साधूंनी घडवलेलं, हेही कळत नाही. १९७७ साली बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला, तोवर बाई गेल्या होत्या. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माझ्या आजीने ‘सांगत्ये ऐका’ अलिबागकडे तंबूत पाहिला होता, एवढंच मला ठाऊक आहे. कुणाबरोबर गेली, घरी काय सांगून गेली, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. आता ती नाही.