साठी, बुद्धी आणि जनुके

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाची बुद्धी खरोखर किती नाठी झाली, हे सांगायचे तर ती मुळात किती होती हे ठाऊक हवे. आज चाचणीत कमी गुण मिळवणारा लहानपणीही तेवढेच मिळवत असेल, तर घसरण झालीच कुठे? वार्धक्याच्या अभ्यासकांना ही अडचण दीर्घकाळ छळत होती. तिचे उत्तर एडिंबरामधल्या एका तळघरात पडून होते.

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडच्या शाळांत, १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व मुलांनी एकच चाचणी दिली. प्रश्न ७१, वेळ ४५ मिनिटे, मुले ८७,४९८. चाचणीमागे एडिंबरा विद्यापीठातले गॉडफ्रे थॉमसन होते. १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्या मुलांसाठी हाच प्रयोग पुन्हा झाला. त्यामागे मात्र एक भीती होती. कमी बुद्धीच्या कुटुंबांत मुले जास्त, म्हणून राष्ट्राची बुद्धी पिढीगणिक खालावणार, असे सुप्रजननवादी सांगत होते. निकाल उलटा लागला. सरासरी किंचित वाढलेलीच निघाली. मग या नोंदवह्या विस्मृतीत गेल्या.

१९९७ मध्ये लॉरेन्स व्हॅली आणि इयन डिअरी यांनी त्या शोधून काढल्या. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, अॅबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये ७३ वृद्ध जमले आणि तीच चाचणी पुन्हा सोडवू लागले. अॅबर्डीनच्या या अभ्यासात दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.६३ निघाला. म्हणजे म्हातारपणीची बुद्धी बऱ्याच अंशी बालपणीचीच असते. पण पूर्णपणे नव्हे. उरलेला फरक कशाने पडतो?

इथे जनुकांचा प्रश्न आला. १९व्या गुणसूत्रावरील ‘एपीओई’ या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन प्रकार आढळतात. ई-४चा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्येच दिसून आला होता. पण स्मृतिभ्रंश नसलेल्यांचे काय? डिअरी आणि सहकाऱ्यांनी एडिंबरा परिसरातल्या १९२१च्या मुलांना वयाच्या ऐंशीच्या सुमारास पुन्हा तपासले. त्यांचा निबंध २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अकराव्या वर्षी ई-४ असणारे आणि नसणारे यांच्या गुणांत फरक नव्हता. ऐंशीव्या वर्षी मात्र ई-४ असणारे थोडे मागे पडले होते. जे जनुक बालपणी बुद्धीला धक्का लावत नाही, ते उतारवयात हळूच आपला वाटा मागते. बालपणीची नोंद नसती, तर ‘हे मुळातच कमी हुशार’ असाही निष्कर्ष कुणी काढला असता.

पण हा वाटा केवढा? २०१२ मध्ये सुमारे १,९४० जणांच्या जनुकीय माहितीवरून, आयुष्यभरातल्या बौद्धिक बदलातील व्यक्तिव्यक्तींमधल्या फरकांपैकी सुमारे २४ टक्के फरकांमागे जनुके असावीत असा अंदाज निघाला. तोही ढोबळ, कारण त्यातली संभाव्य चूक मोठी होती. शिवाय असे आकडे समूहाचे असतात. एका माणसाचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही.

तरीही भीती सुटत नाही. डीएनएच्या रचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांना २००७ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांचा संपूर्ण जनुकसंच सुपूर्द करण्यात आला. त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता. त्यांनी सारे जाहीर करू दिले, फक्त एपीओईची माहिती झाकून ठेवायला सांगितली. ती त्यांना स्वतःलाही नको होती. उपाय हाती नसताना नुसते कळून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न ज्या घरात विसरभोळे आजी-आजोबा आहेत, त्या प्रत्येक घराचा आहे. निदान एवढे तरी करता येईल: चष्मा कुठे ठेवला हे विसरलेल्या आजोबांना ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी, ते पूर्वी कसे होते हे आठवून पाहावे.