कळांची ओळख करून देणारी कळ



काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. तेथल्या मंडळींनी मोठ्या कौतुकाने संगणकाची खोली दाखविली. यंत्रांवर स्वच्छ कापडाच्या खोळी होत्या. सातवीतील एका मुलीने मला विचारले, “सर, ही वरच्या ओळीतली एफ-वन, एफ-टू बटणं कशासाठी असतात?” मी बोलण्याआधीच तिचे गुरुजी म्हणाले, “त्यांना हात लावायचा नाही, बिघडेल काहीतरी!” खरे सांगतो, गुरुजींनी मला वाचविले. कारण नीट उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

त्या उत्तराच्या शोधात मला एका जुन्या यंत्राची गोष्ट सापडली. ती आज सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली, १९८३ सालची. बरोबर नेता येणारे संगणक त्याआधीच निघाले होते. पण ‘बरोबर नेता येणारे’ म्हणजे कसे? १९८१ सालच्या ऑस्बोर्न-१ या यंत्राचे वजन सुमारे ११ किलो! प्रवासात ते नेणे म्हणजे धान्याची पिशवी वाहण्यासारखेच. अशा काळात रेडिओ शॅक या दुकानांतून टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचे यंत्र विकायला आले. ते बनविले होते जपानच्या क्योसेरा कंपनीने. आकार मोठ्या वहीएवढा, वजन दीड किलोच्या आत. ते चाले चार पेन्सिल सेलांवर, आपल्या भिंतीवरच्या घड्याळात घालतो ना, तसल्याच. ८ किलोबाइट स्मरणाच्या नगाची किंमत होती १,०९९ डॉलर. यंत्राच्या आतला बराचसा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी स्वतः लिहिलेला होता.

पडदा मात्र चिमुकला. एका ओळीत ४० अक्षरे आणि अशा ओळी अवघ्या ८. त्यावर चित्रे नाहीत, रंग नाहीत, बोट दाखवायला माउसही नाही. मग यंत्राला हुकूम कसा द्यायचा? कळांनी. अक्षरांच्या वर आठ कळा होत्या, एफ-१ ते एफ-८. यांचे वैशिष्ट्य असे की त्यांचे काम कायमचे ठरलेले नव्हते. लिहिण्याच्या कार्यक्रमात एफ-१ दाबली की शब्द शोधता येई, एफ-५ने नक्कल होई, एफ-६ने मजकूर कापला जाई. तोच माणूस टेलिफोनच्या कार्यक्रमात गेला की एफ-२ नंबर लावून देई. आपल्याकडे एकच शिक्षक पहिल्या तासाला गणित शिकवितात आणि दुसऱ्या तासाला कवायत घेतात, तसेच हे.

आता अडचण लक्षात आली का? कोणत्या तासाला कोणती कळ काय करते, हे लक्षात कोणी ठेवायचे? त्यासाठी या यंत्रात आणखी एक कळ दिलेली होती. तिचे नाव लेबल. ती दाबली की पडद्याच्या तळच्या ओळीत आठही कळांची त्या वेळची कामे लिहून येत. पुन्हा दाबली की ती नावे जात. माझ्या मते सारे मर्म येथे आहे. मुळात ओळी आठच, त्यांतली एक नवशिक्यासाठी देऊन टाकायची! ज्याला कामे पाठ झाली त्याने ती ओळ परत घ्यावी आणि लिहायला वापरावी. शिकणारा आणि शिकलेला, दोघांचीही सोय एकाच कळेत.

या यंत्राचे खरे चाहते होते वृत्तपत्रांचे बातमीदार. बटण दाबताच ते चालू होई, बंद केले तरी लिहिलेले आत शाबूत राही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्रात टेलिफोनवरून मजकूर धाडण्याची सोयही होती. वेग सेकंदाला साधारण ३० अक्षरे. आजच्या हिशेबाने ही गोगलगाय झाली. पण पानभर बातमी दीड-दोन मिनिटांत कचेरीत पोहोचे. फोनवर कोणाला शब्द शब्द सांगत बसावे लागत नसे.

याच १९८३ साली अॅपल कंपनीचे लिसा नावाचे यंत्र आले. त्याची किंमत ९,९९५ डॉलर. मॉडेल १००वर मजकूर चिकटविण्यासाठी ‘पेस्ट’ अशा नावाची स्वतंत्र कळ होती. लिसावर एका खास कळेबरोबर एक्स, सी, व्ही ही अक्षरे दाबली की कापणे, नक्कल करणे आणि चिकटविणे होई. या मागे लॅरी टेस्लर हे संगणकतज्ज्ञ होते. कापा-चिकटवा ही रीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत घडविली होती. पुढे जगात चालली ती हीच अक्षरांची जोडी. आज आपण कंट्रोल दाबून सी आणि व्ही दाबतो, ती तिचीच नात. ती सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पण ‘पेस्ट’ हे नाव कळेवरून गेले, आणि माहीत असलेला व माहीत नसलेला यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली.

जवळची वाट ज्याला ठाऊक तिचा उपयोग त्यालाच. गावात एकालाच वाट ठाऊक असली की तो वाटाड्या होतो, आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात. संगणकाच्या बाबतीत आपल्या शाळांत हेच होऊ पाहते आहे. ‘हात लावू नको’ म्हणताना आपण यंत्र सांभाळतो खरे, पण त्या मुलीचा प्रश्न मात्र तसाच पडून राहतो.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. साध्या कागदाची एक पट्टी घ्या. कंट्रोल-सी म्हणजे नक्कल, कंट्रोल-व्ही म्हणजे चिकटवा, कंट्रोल-झेड म्हणजे झालेली चूक मागे घ्या, असे चार शब्द मराठीत लिहा आणि पट्टी पडद्याखाली चिकटवा. विशेषतः झेडचे सांगाच. चूक मागे घेता येते हे कळले की मुलांची भीती निम्मी जाते. आणि आपलीसुद्धा! मुलांना पाठ झाले की ती पट्टी तीच काढून टाकतील.

चाळीस वर्षांपूर्वी आठ ओळींच्या पडद्याने एक ओळ शिकणाऱ्यासाठी राखली होती. आपल्या वर्गात तेवढी जागा सहज निघेल.