‘मार्केट नाही’ हा निकाल कोणाचा?

आपल्या माणसाने लिहिलेली कादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकाला आवडते, तरी ‘हिला मार्केट नाही’ म्हणून बाजूला ठेवली जाते. हे मार्केट मोजतो कोण? इतिहास तपासू.

१९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

१४ सप्टेंबर १९५६. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये. सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, असे पत्र बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: बुद्धजयंतीच्या प्रकाशनांची रक्कम संपली, पुस्तक विक्रीला ठेवा. ग्रंथ निघाला १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आज ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तो हातोहात जातो. हा बाजार कोणी उभा केला? पोटाला चिमटा काढून पुस्तक घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी!

म्हणजे मार्केट आधी नसते, वाचक ते घडवतो. अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती आजही जिवंत आहे, कारण आपण ती वाचतो.

म्हणून जिते, पेण, रोह्याच्या तरुणांनो, महाडला किंवा दादरला जाल तेव्हा फोटोसोबत एक कादंबरीही आणा. विहारात ती मोठ्याने वाचा. जी छापायची राहिली आहे, तिच्या प्रतींचे पैसे गावोगावी आगाऊ जमा करा. सरकारने तेव्हा जे केले नाही, ते आपण करू.

जयभीम!