खाजकुहिलीची कैफियत

पावसाळा सरून कुंपणावरचे वेल वाळू लागले, की टोकांशी उलटसुलट वळलेल्या, पिंगट सोनेरी लवेमुळे मखमलीसारख्या दिसणाऱ्या शेंगा ज्याने एकदा अजाणता हाती धरल्या आणि मग घटकाभर अंगाला शेण चोळीत बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्याला ‘खाजकुहिली’ या नावाची व्युत्पत्ती कोणी पढवावी लागत नाही. संस्कृत ग्रंथकारांनी हिला कपिकच्छू, म्हणजे वानरालाही खाजवावयास लावणारी, आणि आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी, अशी नावे दिली. हिंदीतील ‘केवाँच’ इंग्रजांच्या कानी पडून ‘काऊहेज’ झाला व पुढे, गाईचा यत्किंचितही संबंध नसता, ‘काऊ-इच’. त्यांच्या वैद्यांनी ती लव काकवीत कालवून जंतांवर दिली. आमच्या वैद्यांचा डोळा मात्र बियांवर. त्या दुधात शिजवून, टरफले काढून केलेले चूर्ण बल्य, वातहर आणि (येथे आपल्या अभिमानी मंडळींनी जरा कान द्यावा) मुख्यत्वेकरून वाजीकर म्हणून वहिवाटीत होते. कंप हे वातविकाराचे लक्षण असल्यामुळे ते कंपवातावरही दिले जाई, परंतु तिची कीर्ती त्यावर उभी नव्हती.

या बियांत काय आहे, याचा दाखला १९३७ साली मिळाला. बाझेल येथे गुगेनहाइमने १९१३ मध्ये युरोपातील बाकला या शेंगभाजीतून ‘डोपा’ हे द्रव्य वेगळे काढले होते, आणि २.५ ग्रॅम स्वतः गिळून, वांत्यांखेरीज काही हाती न लागल्यामुळे, ते निरुपयोगी ठरविले होते; तेच द्रव्य मद्रासच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत दामोदरन् व रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून काढून दाखविले. पण ते कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नसल्याने ती नोंद दप्तरात पडून राहिली.

ती झटकून बाहेर काढण्याचे काम अप्रत्यक्षपणे दुसऱ्याच एका भारतीय वनस्पतीने केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन निघाले. आणि १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन टोचून दगडासारखे निश्चल केलेले ससे डोपा देताच पुन्हा हालूचालू लागले. म्हणजे एका वेलीतही असलेल्या द्रव्याने उलगडलेले कोडे एका झुडपाने घातलेले होते, हा योग मला सर्वांत विलक्षण वाटतो. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्निकिविच यांनी, जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये वर्णिलेल्या व्याधीने मृत झालेल्यांच्या मेंदूत, डोपापासूनच बनणाऱ्या डोपामिनची वाण असल्याचे सिद्ध केले, आणि १९६७ पासून कोट्झियास यांनी डोपाच्या वाढत्या मात्रा देऊन खिळलेली माणसे चालती केली.

तेव्हा कोठे खाजकुहिलीची फेररुजुवात झाली. १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी तिचे चूर्ण पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन त्याचा वृत्तान्त छापला. २००४ मध्ये लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या परीक्षेत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी ३४.६ मिनिटांत आला, तर डोपाच्या नेहमीच्या गोळीचा ६८.५ मिनिटांत, आणि तो टिकलाही अधिक वेळ. आठ हा आकडा निवाड्यास अपुरा आहे, हे उघडच आहे. शिवाय हे चूर्ण, गोळीप्रमाणेच, आटलेल्या द्रव्याची भर घालते. मेंदूतील पेशींचा ऱ्हास त्याने थांबल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून दुकानी पुडीवरील ‘मेंदूचे संरक्षण’ ही सनद तूर्त खोटीच समजावी. पुडीवर वजन असते. त्यात डोपा किती, हे बियांच्या वाणाप्रमाणे पालटते, आणि आधीच गोळ्या घेणारा रुग्ण वैद्याला न विचारता तिचा चमचा चढवतो, तेव्हा एकच औषध तो दोन नावांनी घेत असतो.