तळटीप : ‘पलटण बंद झाली’
(पान ४३) महारांची लष्करभरती सरकारने १८९० नंतरच्या दशकात थांबवली, त्याविषयी आजोबा बोलत आहेत. या भरतीत सक्ती नव्हती. तरी ती बंद होताच घरे उघडी पडली, कारण पलटणीत पगार आणि पेन्शनीबरोबर शाळाही होती. शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकावेच लागे, प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग असत. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवले जाई, त्यांच्या घरात पहिले अक्षर असे छावणीतून आले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते. कवायतीच्या शिस्तीबद्दल आजोबांना वाटणारा अभिमान याच अनुभवातला आहे. त्याला निव्वळ इंग्रजनिष्ठा म्हणणे अन्यायाचे होईल. बंदीविरुद्ध निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. आजोबांचा धाकटा भाऊ याच पलटणीतून परतला होता. महार रेजिमेंट बेळगावात १९४१ साली स्थापन झाली. — संपादक